केप्लरचें चंद्रस्वप्न

मूळ ग्रंथ लहान आणि त्यावरील भाष्य मोठें, हा प्रकार आपणांस नवा नाहीं. सूत्रकारानें चार शब्दांत सांगावें आणि भाष्यकारानें त्याचीं चार पानें करावीं, ही आपल्याकडील जुनी रीतच आहे. पण ज्यानें गोष्ट लिहिली त्यानेंच, आणि तीहि एका स्वप्नाची गोष्ट, पुढें वर्षानुवर्षें खपून तिच्यावर टीपा लिहाव्या, व अशा टीपा एकंदर २२३ व्हाव्या, हें विलक्षण खरें. योहान केप्लर याचें ‘सोम्नियम’ म्हणजे ‘स्वप्न’ हें लॅटिन पुस्तक असें आहे. ग्रहगतीचे तीन नियम शोधून काढणारा म्हणून केप्लरचें नांव शाळेंतील मुलांसहि ठाऊक असतें; त्यानेंच चंद्रावरील प्रवासाची एक कल्पित कथा लिहिली होती, हें फार थोड्यांस माहीत असतें. ज्यांस माहीत असतें तेहि तिला थोर शास्त्रज्ञाची एक गंमत समजून पुढें जातात. आमच्या मतें ती गंमत नव्हे. एका नामंजूर झालेल्या प्रबंधानें घेतलेला तो दुसरा जन्म आहे; आणि तिच्याखालच्या टीपा म्हणजे आपल्याच कल्पनेच्या बाबतींत एका मनुष्यानें दिलेली कैफियत आहे.

ही कथा समजावयाची तर प्रथम १५९३ सालच्या ट्युबिंगेन विद्यापीठांत जावें लागेल. केप्लर त्या वेळीं एकवीस वर्षांचा होता आणि धर्मोपदेशक होण्यासाठीं शिकत होता. मीखाएल मेस्टलिन या त्याच्या गुरूनें त्याला कोपर्निकसच्या मताची गोडी लावली. पृथ्वी फिरते या मतावर त्या काळीं सर्वांत अडचणीचा आक्षेप नित्याच्या अनुभवाचा होता. पायाखालची जमीन स्थिर आहे हें गुराख्यापासून राजापर्यंत प्रत्येकास कळतें. मग तें खोटें कसें म्हणावें? केप्लरनें या आक्षेपास पृथ्वीवर उभें राहून उत्तर देण्याचें टाळलें. त्यानें उलट विचारलें कीं, चंद्रावर कोणी राहात असेल तर त्यास काय वाटेल? चंद्र फिरतो हें तर सर्वांसच मान्य आहे. पण चंद्रावरच्या रहिवाशाला आपली जमीन अचल वाटेल, पृथ्वीच गरगर फिरतांना दिसेल, आणि तोहि शपथेवर तसेंच सांगेल. मग त्याची साक्ष खोटी आणि आपली तेवढी खरी, हें कशावरून? नावेंत बसलेल्यास तीरावरच्या स्थिर वस्तु मागें जातांना दिसतात, हा आर्यभटाचा दृष्टांत आपल्या वाचकांच्या परिचयाचा आहे. दोघांचा रोख एकच. मात्र केप्लरची नाव आकाशांत होती. क्रिस्टोफ बेसोल्ड नांवाच्या त्याच्या मित्रानें या विषयावर विद्यापीठांत वाद करण्यासाठीं मुद्देहि काढले. परंतु वादसभेचे अध्यक्ष फाइट म्यूलर यांनीं परवानगी दिली नाहीं, आणि कागद केप्लरच्या पेटींत पडून राहिले. बेसोल्डचें नांव वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. तें पुढें पुन्हा येणार आहे.

प्रबंधाला कथेचें रूप कोठून मिळालें, हें केप्लरनें आपल्या टीपांत मोकळेपणीं सांगितलें आहे. ग्रीक भाषा शिकतांना मन रमावें म्हणून त्यानें ल्युसियनची ‘खरी गोष्ट’ हातीं घेतली. ल्युसियन हा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांतला मोठा थट्टेखोर लेखक. आपण सांगतों त्यांत खरें कांहींच नाहीं असें आरंभींच बजावून तो थापा मारावयास बसतो! जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीपलीकडे गेलेलें त्याचें गलबत वावटळींत सांपडून वर उचललें जातें, सात दिवस आणि सात रात्री अंतराळांत तरंगतें, आणि आठव्या दिवशीं चंद्रास लागतें. तेथें चंद्राच्या राजाचें सूर्याच्या राजाशीं युद्ध जुंपलेलें असतें. या थापांत आपल्या पुढच्या चंद्रप्रवासाच्या पहिल्या पाऊलखुणा होत्या, असें केप्लर म्हणतो. नंतर १५९५ सालीं, ग्राट्स येथें गणिताचा शिक्षक असतांना, प्लूटार्कचा ‘चंद्रबिंबावरील मुख’ हा संवाद त्यास मिळाला. प्लूटार्कच्या संवादांत चंद्र हा पृथ्वीसारखाच मातीदगडांचा असून त्यावर खोल दऱ्या आहेत असा पक्ष मांडला आहे. असा जड गोळा खालीं कां पडत नाहीं, या शंकेस गोफणींतल्या धोंड्याचा दाखला दिला आहे: धोंडा फिरत आहे तोंवर त्याची गतीच त्यास पडूं देत नाहीं. शेवटीं मात्र हाच संवाद ब्रिटनच्या पश्चिमेस दूर असलेल्या बेटांच्या आणि चंद्रावर वस्तीस जाणाऱ्या आत्म्यांच्या कथेंत शिरतो. एकाच लहानशा ग्रंथांत गणित, तर्क आणि पुराण हीं तिन्ही गुण्यागोविंदानें नांदूं शकतात, हें केप्लरनें येथें पाहिलें. या संवादाचें त्यानें पुढें लॅटिनमध्यें भाषांतर केलें आणि तें आपल्या ‘स्वप्ना’सच जोडलें. आपलें ऋण झांकण्याची त्यास गरज वाटली नाहीं.

१६०० सालीं केप्लर प्रागजवळ टायको ब्राहे याच्या हाताखालीं काम करूं लागला. पुढच्याच वर्षीं टायको वारला आणि त्याच्या जागीं केप्लर सम्राट रुडोल्फचा गणिती झाला. टायकोनें दुर्बिणीवांचून घेतलेले वेध इतके अचूक होते कीं, मंगळाच्या स्थानांत आठ कलांचा फरक पडतांच केप्लरनें आपलें आधीचें सगळें गणित टाकून दिलें. आठ कला म्हणजे चंद्रबिंबाच्या व्यासाचा सुमारें चौथा हिस्सा. एवढीशी चूक दुसऱ्या कोणी नजरेआड केली असती. केप्लरनें ती केली नाहीं, म्हणून दोन हजार वर्षांचें वर्तुळ मोडलें आणि ग्रहाची कक्षा दीर्घवर्तुळ ठरली. हा शोध सांगणारा ग्रंथ १६०९ सालीं प्रसिद्ध झाला. त्याच वर्षाच्या उन्हाळ्यांत, सम्राटाचा मंत्री आणि केप्लरचा स्नेही वाकर फोन वाकेनफेल्स याच्याशीं चंद्रावरील डागांविषयीं गोष्टी चालल्या असतां, जुने कागद पेटींतून निघाले. आठ कलांसाठीं जीव टाकणाऱ्या हातानें त्या कागदांची गोष्ट केली, हें पुढील मजकूर वाचतांना विसरून चालणार नाहीं.

गोष्टीचा आरंभ १६०८ सालांतला आहे. सम्राट रुडोल्फ आणि त्याचा भाऊ माथियास यांचें वैर विकोपास गेलेलें असून, जो तो बोहेमियाच्या इतिहासांत या भांडणाचे दाखले शोधीत आहे. लेखकहि लिबुशा नांवाच्या, जादूविद्येबद्दल प्रसिद्ध असलेल्या प्राचीन राणीची हकीकत वाचतो, रात्रीं चंद्र व तारे पाहून निजतो, आणि फ्रँकफुर्टच्या बाजारांतून आणलेलें एक पुस्तक आपण वाचीत आहों असें त्यास स्वप्न पडतें. त्या पुस्तकाचा नायक ड्युराकोटस हा आइसलंडांतला मुलगा. बाप लहानपणींच वारलेला. आई फिओल्क्सहिल्डे औषधी वनस्पति गोळा करून, मंत्र म्हणत शिजवून, चामड्याच्या पिशव्यांतून खलाशांस विकते. एकदां मुलगा कुतूहलानें एक पिशवी फाडतो. पैसे बुडाल्याच्या संतापांत आई त्या मुलासच जहाजाच्या तांडेलाच्या हवालीं करते. तेथून तो डेन्मार्कमध्यें टायको ब्राहेच्या बेटावर पोंचतो, कांहीं वर्षें ज्योतिष शिकतो आणि घरीं परततो. आईला पश्चात्ताप झालेला असतो. मुलाची विद्या ऐकून ती आनंदते आणि हेंच सर्व आपणांसहि एका पिशाच्चाकडून ठाऊक असल्याचें सांगते. दोघें चौरस्त्यावर जातात, डोकीं पांघरुणांत झांकून घेतात, आणि ‘लेव्हानिया’ बेटाहून, म्हणजे चंद्रावरून आलेलें तें पिशाच्च बोलूं लागतें.

यांतलें काय कोठलें आहे तें ओळखणें अवघड नाहीं. केप्लरचा बाप भाडोत्री शिपाई होता. तो एके दिवशीं घर सोडून गेला तो परत आला नाहीं. आई काटारीना अशिक्षित होती, पण झाडपाल्याचीं औषधें देत असे. १५७७ सालचा मोठा धूमकेतु दाखविण्यास सहा वर्षांच्या आंतल्या मुलाचा हात धरून तीच त्यास उंचावर घेऊन गेली होती. १५८० सालीं त्यास घराबाहेर बोलावून चंद्रग्रहण दाखविलें, तें लालसर बिंब त्यास जन्मभर आठवत राहिलें. देवीच्या रोगानें ज्याची दृष्टि अधू झाली होती अशा मुलाला आकाशाचा नाद लागला तो या दोन रात्रींनीं. आइसलंड निवडलें तें प्लूटार्क व ल्युसियन यांच्या मार्गानें जावें म्हणून. आईच्या विचित्र नांवाची उपपत्ति तर फारच साधी आहे: प्रागमध्यें ज्या घरांत केप्लर राहात असे त्या घरीं भिंतीवर युरोपचा एक जुना नकाशा होता, आणि त्यांत आइसलंडांतील कित्येक स्थळांस ‘फिओल्क्स’ असा शब्द लावलेला होता. तो कानास रांगडा लागला म्हणून त्यानें घेतला. अद्भुत वाटणाऱ्या गोष्टी किती जवळच्या खुंटीवर टांगलेल्या असतात!

पिशाच्चानें सांगितलेला मार्ग मात्र निव्वळ ज्योतिषाचा आहे. पिशाच्चांस सूर्यप्रकाश सोसत नाहीं. यासाठीं तीं पृथ्वीच्या सावलींतूनच जातात. ही सावली चंद्रास जाऊन भिडते ती चंद्रग्रहणाच्या वेळीं, म्हणून प्रवास ग्रहणांतच करावयाचा, आणि तो फार तर चार तासांत संपवावयाचा. अंतर सांगितलें आहे पन्नास हजार जर्मन मैल. जर्मन मैल सुमारें साडेसात किलोमीटरांचा धरला तर हें अंतर पावणेचार लक्ष किलोमीटरांच्या आसपास येतें. आजचें सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर आहे. भुतांच्या तोंडीं घातलेला आंकडाहि केप्लरनें सैल ठेवला नाहीं.

पहिला धक्का भयंकर असतो, तोफेच्या दारूनें उडवून दिल्यासारखा. म्हणून प्रवाशास अफूसारख्या गुंगीच्या औषधानें निजवावें आणि त्याचे अवयव नीट जुळवून ठेवावे, म्हणजे धड एकीकडे व डोकें एकीकडे असें होणार नाहीं. नंतर कडाक्याची थंडी आणि श्वासाचा अवरोध. त्यावर उपाय नाकाशीं धरलेला ओला स्पंज. पुढें एक ठिकाण असें येतें कीं तेथें पृथ्वीची ओढ व चंद्राची ओढ एकमेकींस खोडून काढतात, तेव्हां शरीर कोळ्याप्रमाणें आपोआप गोळा होतें. १६०९ सालच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेंत केप्लरनें गुरुत्व म्हणजे दोन सजातीय पिंडांचें परस्पर आकर्षण असें सांगून समुद्राची भरती चंद्राच्या ओढीमुळें येते असें प्रतिपादिलें होतें. न्यूटनचा जन्म व्हावयास अजून तीसांहून अधिक वर्षें होतीं. प्रस्तावनेंत जें मत म्हणून मांडलें, तेंच गोष्टींत प्रवाशाच्या अंगांत शिरून बोलतें. हवा पृथ्वीपासून थोड्याच उंचीवर संपते हेंहि येथें गृहीत आहे. ल्युसियनच्या गलबतास आठ दिवस वारा मिळाला, केप्लरनें तो काढून घेतला.

या प्रवासास कोण लायक? बैठें काम करणारे, लठ्ठ आणि नाजूक माणसें बाद. ज्यांचा जन्म घोड्यावर गेला, किंवा जे हिंदुस्थानाकडे वारंवार जहाजानें जातात आणि कडक पाव, लसूण व सुके मासे यांवर राहतात, ते चालतील. जर्मन मनुष्य कोणी उपयोगाचा नाहीं, असा आपल्या देशबांधवांस टोला दिला आहे. आणि सर्वांत उत्तम कोण, तर लहानपणापासून रात्रीं बोकडावर बसून, फाटकीं वस्त्रें पांघरून पृथ्वीवर दूरदूर हिंडण्याची संवय असलेल्या वाळलेल्या म्हाताऱ्या. चेटकिणींविषयींच्या लोकसमजुतीची ही थट्टा लिहितांना केप्लरला हंसूं आलें असेल. त्याची आई त्या वेळीं साठी ओलांडून गेलेली, कृश अंगाची, फटकळ जिभेची विधवेसारखी एकटी राहणारी बाई होती.

आतां लेव्हानियाचें आकाश. पुस्तकाचा गाभा हाच आहे आणि नामंजूर झालेला प्रबंध येथेंच उभा राहतो. चंद्राचे दोन गोलार्ध: ज्यास पृथ्वी दिसते तो सबव्होल्व्हा आणि ज्यास ती कधींच दिसत नाहीं तो प्रिव्होल्व्हा. पृथ्वीचें तेथील नांव ‘व्होल्व्हा’, म्हणजे फिरणारी. तेथला एक दिवस आणि एक रात्र मिळून आपला एक महिना होतो. व्होल्व्हा आकाशांत खिळा मारल्यासारखी एकाच जागीं असते आणि तारे व सूर्य तिच्या मागून सरकत जातात. तिला चंद्रासारख्या कला होतात. आणि तिचें बिंब आपल्या चंद्राच्या सुमारें पंधरापट मोठें दिसतें. (आजच्या हिशेबानें तें तेरापटींच्या आसपास भरतें.) तिच्यावरचे डाग एका दिवसांत फेरा पुरा करतात, म्हणून चंद्रवासी तिच्याकडे पाहून घटका मोजतात. एक डाग खांद्यापाशीं तोडलेल्या मस्तकासारखा, तो आफ्रिका; दुसरा पायघोळ वस्त्र नेसलेल्या मुलीसारखा, तो युरोप; आणि ती मुलगी त्या मस्तकाचें चुंबन घेण्यास वांकली आहे. येथें वाचक क्षणभर थांबतो. आपला देश, आपला राजा, त्याचें भावाशीं भांडण, सगळें त्या एका डागावर कोठेंतरी आहे. आणि तो डाग घड्याळाच्या काट्यासारखा फिरत आहे. पृथ्वी फिरते असें सांगण्याची गरज आतां उरली नाहीं; ती फिरतांना दिसली.

१९६९ ते १९७२ या काळांत चंद्रावर उतरलेल्या मनुष्यांनीं पृथ्वी खरोखरच आकाशांत जेथल्या तेथें लटकलेली पाहिली. चंद्र किंचित् डोलतो म्हणून ती थोडीशी हालते, एवढीच दुरुस्ती.

पंचांग पाहणाऱ्या आपल्या वाचकांस या ठिकाणीं एक गोष्ट आठवल्यावांचून राहणार नाहीं. भास्कराचार्यांनीं ‘गोलाध्याया’ंत चंद्राच्या ऊर्ध्वभागीं राहणाऱ्या पितरांच्या दिवसाची उपपत्ति दिली आहे: अमावास्येस सूर्य त्यांच्या डोक्यावर असतो म्हणून ती त्यांची मध्यान्ह, आणि पौर्णिमा ही मध्यरात्र. केप्लरच्या प्रिव्होल्व्हांतील लोकांचा दिवसहि नेमका असाच. यावरून त्यानें आपल्याकडून कांहीं उचललें, किंवा आपल्याकडे हें सगळें आधींच होतें, असा डंका कोणीं वाजवूं नये. भूमिति सारखी म्हणून उत्तर सारखें आलें. बाराव्या शतकांतील आचार्यांस पितरांचा काळ समजावून द्यावयाचा होता. केप्लरला शेजाऱ्यांची समजूत हालवावयाची होती.

पंधरा दिवस सतत ऊन आणि पंधरा दिवस सतत अंधार, अशा ठिकाणीं प्राणी कसे असावे, याचाहि केप्लरनें विचार केला. ते अवाढव्य असतात, फार भरभर वाढतात आणि लवकर मरतात. कातडी स्पंजासारखी असते. उन्हाचा तडाखा चुकविण्यास ते पाण्यांत किंवा गुहांत शिरतात. कित्येक पाण्याच्या मागून टोळ्याटोळ्यांनीं भटकतात. चंद्रावर पाणी आणि हवा आहे हें त्याचें गृहीतच चुकीचें होतें. परंतु परिस्थितीनें प्राण्याचें अंग घडावें, हा विचार त्या काळीं सामान्य नव्हता. पुढें १६१० च्या एप्रिलांत गॅलिलिओचें दुर्बिणीच्या वेधांचें पुस्तक प्रागला आलें आणि चंद्रावरचे डोंगर व खळगे प्रत्यक्ष दिसल्याचें कळलें. केप्लरनें गॅलिलिओस उघड पत्र लिहून पाठिंबा दिला, आणि त्यांतच, आकाशांतल्या वाऱ्यास जुळतीं शिडें कोणी करील तर त्या पोकळीस न भिणारे लोकहि निघतील, अशा अर्थाची आशा व्यक्त केली. चंद्रावरील वाटोळ्या खळग्यांचें कोडें त्यास पुष्कळ दिवस पुरलें. शेवटीं त्यानें ठरविलें कीं इतकें बरोबर वर्तुळ निसर्गाचें नव्हे. मध्यें खुंटी ठोकून, दोरी बांधून, चंद्रवासीयांनीं सावलीसाठीं हीं कुंडें आंखलीं असावीं. आज हीं उल्कापातांचीं भगदाडें ठरलीं आहेत. चुकला तेव्हांहि तो भूमितीच्या बाजूनेंच चुकला.

१६११ सालीं या कथेची एक हस्तलिखित प्रत प्रागहून बाहेर गेली आणि लाइप्झिगमार्गे ट्युबिंगेनला पोंचली. त्या वर्षीं केप्लरची बायको आणि एक मुलगा वारला, सम्राटाचें आसन डळमळलें, आणि पुढच्या वर्षीं त्यास लिंट्स येथें नोकरी पतकरावी लागली. कागद कोठें गेले याची चौकशी करण्यास त्यास सवड नव्हती. चार वर्षांनीं, १६१५ च्या सुमारास, लेऑनबेर्ग गांवांत त्याच्या आईवर चेटकाचा आरोप आला. उर्सुला राइनबोल्ड नांवाच्या बाईनें सांगितलें कीं, काटारीनेनें दिलेल्या पेयानें आपणांस असाध्य दुखणें जडलें. मागून गांवांतील कितीतरी जुन्या कुरबुरींस तोंड फुटलें. कोणाचा पाय लुळा पडला होता, कोणा मुलीचा हात दुखला होता. आणि आपल्या बापाची कवटी उकरून द्यावी, मुलासाठीं तिचा पेला करवून घ्यावयाचा आहे, असें म्हातारीनें थडगीं खणणाऱ्यास विचारलें होतें, हें तर खरेंच होतें. १६२० च्या ऑगस्टांत तिला पकडलें. सत्तरी उलटलेली ती बाई चौदा महिने बेड्यांत होती.

केप्लर लिंट्स सोडून आला आणि बरेच महिने आईच्या बचावांत गुंतला. त्यानें आरोपांस जीं उत्तरें दिलीं तीं वाचण्यासारखीं आहेत. लुळ्या झालेल्या शाळामास्तरानें ओझें घेऊन खंदकावरून उडी मारली होती. मुलीचा हात विटा वाहून दुखावला होता. फिर्यादी बाईचें दुखणें आधींच्या औषधांचें होतें. एकेका अद्भुत गोष्टीखालीं त्यानें एकेक नैसर्गिक कारण लिहिलें. प्रकरण अभिप्रायासाठीं ट्युबिंगेनच्या विधिशास्त्रज्ञांकडे गेलें. आणि त्यांत आतां तोच क्रिस्टोफ बेसोल्ड प्राध्यापक होता. निर्णय असा झाला कीं, छळ करूं नये, पण छळाचीं हत्यारें दाखवून एकदां धमकी द्यावी. १६२१ च्या सप्टेंबरांत तें झालें. माझी एकेक शीर ओढून काढली तरी कबूल करण्यासारखें माझ्यापाशीं कांहीं नाहीं, अशा आशयाचें तिनें उत्तर दिलें. ती सुटली, आणि १६२२ च्या एप्रिलांत वारली.

‘स्वप्ना’वरील टीपा केप्लर याच दशकांत लिहीत होता. त्यांतील एका टीपेंत तो म्हणतो कीं, आपली कथा न्हाव्यांच्या दुकानांत चघळली गेली, फिओल्क्सहिल्डे म्हणजे लेखकाची आईच असा अर्थ लोकांनीं काढला, आणि त्या ठिणगीनें आपल्या घरास आग लागली. पुष्कळ चरित्रकारांनीं हें जसेंच्या तसें घेतलें आहे. आम्हांस तें तितकेंसें पटत नाहीं. खटल्यांतील आरोप कढईंतले आणि अंगणांतले आहेत. राइनबोल्ड बाईचें केप्लरच्या धाकट्या भावाशीं वैर होतें. आणि त्या वर्षांत जर्मनींत चेटकाच्या आरोपास लॅटिन पुस्तकाची गरज पडत नव्हती. एकट्या, औषधें देणाऱ्या, भांडकुदळ म्हातारीस शेजार पुरेसा होता. पण केप्लरला तसें वाटलें, हें खरें आहे. आणि हा समज त्याच्या मनांत दहा वर्षें राहिला. एका विनोदी परिच्छेदाचें ओझें त्यानें आईच्या बेड्यांच्या वजनानें तोललें.

म्हणून त्या टीपा! आरोपपत्राखालीं जशीं त्यानें कारणें लिहिलीं तशींच तीं आतां स्वतःच्या गोष्टीखालीं लिहूं लागला. पिशाच्च म्हणजे पिशाच्च नव्हे. तो ग्रीक शब्द ‘जाणणें’ या धातूपासून येतो, तेव्हां पिशाच्च म्हणजे ज्ञान. त्यास बोलावण्याचा मंत्र एकवीस अक्षरांचा आहे. ‘आस्ट्रोनोमिया कोपर्निकाना’, म्हणजे कोपर्निकसचें ज्योतिष, या लॅटिन शब्दांचीं अक्षरें मोजून पाहा. डोक्यावरून पांघरूण कां, तर अंधाऱ्या खोलींत लहान छिद्रांतून ग्रहण पाहतात म्हणून. सगळ्या कथेचा हेतु, चंद्राच्या उदाहरणानें पृथ्वीच्या गतीस पुरावा देणें, हाहि त्यानें स्पष्ट लिहून ठेवला. आणि आई? ती शास्त्रास जन्म देणारी, पण स्वतः न शिकलेली केवळ अनुभवबुद्धि, म्हणजे अज्ञान. मूळ कथेंत ड्युराकोटस म्हणतो कीं, आई जिवंत होती तोंवर तिनें हें लिहूं दिलें नाहीं; तिच्या मरणानें आपण मोकळे झालों. १६०९ सालीं हें रूपक होतें. टीपा लिहितांना काटारीना खरोखरच वारली होती, आणि मुलगा खरोखरच हें पुस्तक छापावयास काढीत होता. हें वाक्य त्यानें खोडलें नाहीं. खालीं टीप मात्र लिहिली: अज्ञान ही आई जिवंत आहे तोंवर वस्तूंचीं गूढ कारणें लोकांपुढें मांडणें शास्त्रास धोक्याचें आहे.

या टीपांची भाषा सर्वत्र करुण आहे असें मात्र नाहीं. पुष्कळ ठिकाणीं ती चक्क कंटाळवाणी आहे. कोनांचे आणि छायांचे हिशेब पानेंच्या पानें चालतात, आणि मधूनच तो एखाद्या जुन्या मित्राची आठवण काढून खदखदून हंसतो. १६२३ सालीं बेर्नेगर या स्नेह्यास लिहितांना तर त्यानें असेंहि सुचविलें होतें कीं, कांपानेल्लानें सूर्याचें नगर लिहिलें, मग आपण चंद्राचें कां लिहूं नये; या काळाच्या राक्षसी चालीरीति रंगवाव्या, आणि सावधगिरीसाठीं पृथ्वी सोडून चंद्रावर जावें. तीस वर्षांचें युद्ध तेव्हां पांच वर्षांचें झालें होतें.

छपाई सुरू झाली ती सागान येथें, केप्लरच्या शेवटच्या मुक्कामीं. थकलेल्या पगाराच्या वसुलीसाठीं तो १६३० च्या शरदांत रेगेन्सबुर्गला गेला आणि तेथेंच १५ नोव्हेंबरास वारला. जांवई याकोब बार्ट्श यानें काम पुढें चालविलें. तोहि १६३३ सालीं रोगाच्या सांथींत गेला. मागें केप्लरची विधवा मुलाबाळांसह निष्कांचन राहिली आणि तिनें ते अर्धवट छापलेले कागद थोरला मुलगा लुडविग याच्यापुढें ठेवले. लुडविग वैद्य होता. ज्या पुस्तकावर काम करतां करतां बाप गेला आणि मेहुणा गेला, त्यास हात लावण्याची त्यास भीति वाटली, असें तो स्वतःच लिहितो. तरीहि त्यानें तें पुरें केलें, आणि १६३४ सालीं तें फ्रँकफुर्टला प्रसिद्ध झालें; गोष्टींतलें स्वप्नांतलें पुस्तक ज्या बाजारांतून आणलेलें असतें, त्याच गांवीं. गोष्टीचा शेवट तोपर्यंत कोणी बदललेला नव्हता. पिशाच्च बोलत असतांनाच वारा सुटतो, पाऊस कोसळतो, पुस्तकाचीं अखेरचीं पानें वाचावयाचीं राहून जातात, आणि लेखक जागा होऊन पाहतो तों त्याचें स्वतःचें डोकें उशीखालीं आणि अंग पांघरुणांत गुंडाळलेलें असतें.